एकच मझुर्का, अनेक साक्षी: शोपँच्या ध्वनिमुद्रणांची साधनचिकित्सा

१/
संगीतकार आणि पियानोवादक फ्रेडरिक शोपँ यांचे निधन १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये झाले. थॉमस एडिसन यांचा फोनोग्राफ अवतरला तो १८७७ मध्ये. मधल्या २८ वर्षांच्या दरीमुळे शोपँ यांच्या बोटांतून उमटलेला एकही स्वर आज कोणाला ऐकता येत नाही. तरीही 'शोपँ असेच वाजवत' हे ठामपणे सांगणाऱ्यांची परंपरा दीडशे वर्षांची आहे.

हा धागा त्या दाव्यांच्या तपासणीचा आहे. तबकडीवर जे ऐकू येते, त्यावर इतिहासाच्या अभ्यासकाने किती आणि कसा विश्वास ठेवावा? २००७ साली याच प्रश्नाने पाश्चात्त्य संगीतविश्व हादरले होते. तिथपर्यंत आपण टप्प्याटप्प्याने जाऊ.

२/
प्रथम साधने कोणती, ते पाहू. शोपँ यांच्या वादनाविषयी आपल्या हाती तीन प्रकारचे पुरावे आहेत. पहिला, छापील आणि हस्तलिखित स्वरलिपी. दुसरा, त्यांना प्रत्यक्ष ऐकलेल्या लोकांच्या आठवणी. तिसरा, त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांनी आणि पुढील पिढ्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे.

स्वरलिपी कोणता स्वर वाजवायचा हे सांगते. मात्र तो किती रेंगाळावा, डावा हात उजव्याच्या किती आधी पडावा, हे तिच्यात मावत नाही. ख्याल गायनाची बंदिश कागदावर उतरवली, तरी गायकाचा श्वास त्या कागदावर उतरत नाही, तसेच हे.

३/
आता आठवणींकडे वळू. कारोल मिकुली हे १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये शोपँ यांच्याकडे शिकले. १८८० मध्ये त्यांनी गुरूच्या रचनांची आवृत्ती काढली आणि तिच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले की, लयीच्या बाबतीत शोपँ अत्यंत कडक होते, मेट्रोनोम त्यांच्या पियानोवर कायम असे. 'रुबातो', म्हणजे लयीशी केलेली लाडीगोडी, त्यांच्याकडे होती. पण साथ करणारा डावा हात काटेकोर लयीत चाले आणि गाणारा उजवा हात तेवढा मोकळा सुटे.

चित्र स्पष्ट वाटते. डावा हात तबलजी, उजवा हात गायक.

४/
पण दुसरे साक्षीदार वेगळेच सांगतात. पुढे मँचेस्टरला स्वतःच्या नावाचा वाद्यवृंद उभा करणारे चार्ल्स हॅले यांनी शोपँ यांना मझुर्का वाजवताना ऐकले होते. मझुर्का हे पोलंडचे तीन मात्रांचे लोकनृत्य. हॅले यांना मात्र तीनऐवजी चार मात्रा ऐकू आल्या. कारण एक मात्रा इतकी लांबत होती. शोपँ यांनी ते साफ नाकारले. मग हॅले मोठ्याने मोजू लागले आणि आकडे चारावर पोहोचले! तेव्हा शोपँ हसले आणि म्हणाले की, हा त्या नृत्याचा राष्ट्रीय स्वभावच आहे.

संगीतकार मायरबेअर यांच्याशीही असाच प्रसंग घडल्याचे विल्हेल्म फॉन लेंझ हे शिष्य सांगतात. तिथे मात्र हसण्यावारी गेले नाही, शोपँ भडकले. बर्लिओझ यांचे मत तर असे की, शोपँ यांना नियमित लयीत वाजवणे जमतच नसे.

५/
मेट्रोनोम वापरणारे कडक गुरुजी खरे, की तीनाचे चार करणारा कवी खरा?

इतिहासाचा विद्यार्थी इथे थांबून तारखा पाहतो. मिकुलींची प्रस्तावना १८८० ची, म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी लिहिलेली. लेंझ यांचे पुस्तक १८७२ चे, प्रसंग १८४२ चा. हॅले यांच्या आठवणी छापल्या गेल्या १८९६ मध्ये, त्यांच्याही निधनानंतर. हे सगळे साक्षीदार प्रामाणिक असतीलही, पण ते रोजनिशी लिहीत नव्हते. उतारवयात आठवत होते. बखर आणि समकालीन पत्र यांच्यात आपण जो फरक करतो, तोच इथेही करावा लागतो. बखर फेकून देत नाहीत. तिच्यातील शब्द कोणत्या गरजेपोटी आला, हे विचारतात. मिकुली आपली आवृत्ती 'अस्सल' ठरवू पाहत होते, हे त्यांची साक्ष वाचताना विसरून चालत नाही.

६/
मग ध्वनिमुद्रणे तरी निवाडा करतील काय? त्यांच्या आरंभापासून पाहू.

२ डिसेंबर १८८९ रोजी व्हिएन्नात एडिसन यांचे प्रतिनिधी थिओ वांगेमान यांनी योहानेस ब्राम्स यांचे वादन मेणाच्या दंडगोलावर टिपले. एवढ्या थोर रोमँटिक संगीतकाराचा स्वतःचा पियानो! पण खरखर इतकी की, सुरावट शोधावी लागते. हा पुरावा भग्न शिलालेखासारखा आहे. काही अक्षरे लागतात, बाकीची वाचणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर उभी राहतात. आणि नेमका तिथेच धोका असतो. जे ऐकू यायला हवे असे आपल्याला वाटते, तेच ऐकू येऊ लागते.

७/
व्यापारी तबकड्यांचा काळ सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच कंपनीने १९०३ मध्ये पॅरिसमध्ये एडवर्ड ग्रीग आणि राउल प्यून्यो यांचा पियानो मुद्रित केला. तंत्र तेच: वीज नाही, मायक्रोफोन नाही, एक कर्णा, एक कंप पावणारा पडदा आणि मेणावर रेघ ओढणारी सुई.

मर्यादाही त्याच. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, बारा इंचीची चारच्या आसपास. गौहर जान यांना राग त्यात बसवावा लागला. पियानोवादकांना रचना कापाव्या लागल्या, नाहीतर घाईने संपवाव्या लागल्या. खर्जातले स्वर आणि अतिमंद नाद कर्ण्याला नीट पकडता येत नसत. म्हणून 'जुने वादक हळुवार वाजवतच नसत' असा निष्कर्ष त्या तबकड्यांवरून काढणे चूक आहे. हळुवारपणा होता, तो यंत्राने टिपला नाही.

८/
प्यून्यो यांची १९०३ ची एक तबकडी आपल्या प्रश्नाच्या फार जवळ जाते. त्यांचे गुरू जॉर्ज माथियास हे शोपँ यांचे प्रत्यक्ष शिष्य. प्यून्यो यांनी शोपँचे एफ-शार्प मेजर नॉक्टर्न (ओपस १५, क्रमांक २) मुद्रित केले ते विलक्षण संथ लयीत. त्यांचे म्हणणे असे की, ही रचना सर्वत्र फार जलद वाजवली जाते. संथ लयीची परंपरा आपल्याला माथियास यांच्याकडून मिळाली आणि त्यांना ती खुद्द शोपँ यांच्याकडून.

गंमत अशी की, स्वरलिपीवर छापलेला मेट्रोनोमचा आकडा त्याहून बराच जलद आहे. इथे कागद आणि गुरुमुख समोरासमोर उभे ठाकतात. छापील आकडा समकालीन आहे. तोंडी परंपरा दोन पिढ्या ओलांडून आलेली आहे. साधनचिकित्सेच्या नेहमीच्या नियमाने पारडे कागदाकडे झुकते, पण आकडा छापणाऱ्याकडून चुकू शकतो हेही खरे. निकाल लागत नाही. मात्र प्रश्न नेमका होतो.

९/
आणखी एक पेच आहे. 'अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या' हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो, पण आरंभीच्या काळात मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण सर्वत्र पाळले जात नव्हते. तबकडी मूळ वेगापेक्षा सुमारे ६ टक्के जलद फिरवली, तर लय तेवढी वाढतेच, शिवाय सर्व स्वर अर्ध्या स्वराने चढतात. मग स्वराची उंची पाहून वेग दुरुस्त करावा म्हटले, तर त्या काळी पियानोची स्वरपट्टीही जगभर एकसारखी नव्हती.

म्हणजे एखादा वादक 'जलद' आहे की 'संथ', हे सांगण्यापूर्वी ती तबकडी कोणत्या वेगाने फिरवून आपल्यापर्यंत पोहोचवली गेली, हे विचारावे लागते. यूट्यूबवर एकाच जुन्या तबकडीच्या दोन प्रती वेगवेगळ्या पट्टीत ऐकू येतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

१०/
तबकडीला समांतर दुसरे एक साधन होते: पियानो रोल. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे कंपनीने १९०४ च्या सुमारास अशी यंत्रणा आणली की, वादकाने कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद कागदी गुंडाळीवर व्हावी आणि नंतर त्या छिद्रांच्या आधारे पियानोने आपोआप वाजावे. खरखर नाही, तीन मिनिटांचा फास नाही. १८२४ मध्ये जन्मलेले कार्ल राइनेके यांचे वादन आपल्याला आज 'ऐकता' येते ते या गुंडाळ्यांमुळेच.

पण सावध! रोल ध्वनी टिपत नाही, हालचाली टिपतो. चुकीचे स्वर कागदावर हाताने दुरुस्त करता येत. आणि ज्या पियानोवर आज तो रोल वाजतो, त्याची अवस्था कशी आहे यावर आवाजाचे वजन ठरते. जुन्या पत्राची नंतर केलेली सुबक नक्कल जशी वाचावी, तसा रोल ऐकावा.

११/
एवढ्या कमतरता असूनही या साधनांनी एक गोष्ट वादातीत दाखवून दिली. जुन्या पिढीचे वादक दोन्ही हात एकत्र टाकत नसत.

थिओडोर लेशेटित्स्की (जन्म १८३०) यांचे १९०६ चे रोल ऐका. त्यांचे शिष्य पाडेरेव्हस्की यांच्या १९११ पासूनच्या तबकड्या ऐका. व्लादिमिर द पाखमान यांच्या ऐका. डाव्या हाताचा खर्ज आधी पडतो, उजव्या हाताचा मुख्य स्वर निमिषभर मागून येतो. जे स्वरगुच्छ एकदम वाजवावेत असे छापले आहे, ते वीणेच्या तारा छेडाव्यात तसे खालून वर उलगडतात. आजच्या परीक्षेत याला गुण कापले जातील.

विशेष म्हणजे त्या काळातील अनेक अध्यापनग्रंथ ही सवय टाळा असेच सांगतात. नियम एक सांगतो, आचार दुसरे दाखवतो. कायद्याच्या पोथीवरून समाज कसा वागत होता हे कळत नाही, हा सामाजिक इतिहासाचा पहिला धडा आहे. तो इथे चक्क कानांनी ऐकू येतो.

१२/
आता 'घराण्या'चा दावा. मिकुली पुढे लेंबेर्गला (आजचे युक्रेनमधील ल्विव्ह) स्थायिक झाले. त्यांच्या दोन शिष्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत: मोरिट्झ रोझेन्थाल (१८६२–१९४६) आणि राउल कोचाल्स्की (१८८४–१९४८). दोघेही शोपँ यांचे प्रशिष्य, दोघांचीही मुद्रणे १९३० च्या दशकातील. एका गुरूचे दोन शिष्य, एकच काळ, जवळपास सारखेच तंत्र. तुलनेसाठी याहून चांगली स्थिती क्वचितच मिळते.

कोचाल्स्की यांनी १९३८ मध्ये ई-फ्लॅट मेजर नॉक्टर्न (ओपस ९, क्रमांक २) मुद्रित केले. त्यात छापील प्रतीत नसलेल्या अलंकारिक जागा येतात. शोपँ शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलने असे पर्याय लिहून देत असत, हे जतन झालेल्या प्रतींवरून सिद्ध आहे. डावा हात बराच स्थिर, उजवा त्यावर तरंगणारा. मिकुलींच्या प्रस्तावनेला साजेसे वादन.

१३/
रोझेन्थाल यांचे शोपँ ऐकले की मात्र निराळा माणूस भेटतो. नाद अत्यंत तलम, लय अधिक लवचीक, वाक्यांची वळणे स्वतःची. कारणही आहे. रोझेन्थाल मिकुलींनंतर फ्रान्झ लिझ्ट यांच्याकडे शिकले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या मंचांवर वावरले. उलट कोचाल्स्की मिकुलींकडे शिकले ते अगदी बालवयात. दहाच्या आसपासचे वय. मुद्रण केले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते.

म्हणजे एका बाजूला अनेक गुरूंचे संस्कार, दुसऱ्या बाजूला मुलाची चाळीस वर्षे जपलेली आठवण. यांपैकी 'खरा शोपँ' कोणता? दोघांत जे समान आहे, ते कदाचित गुरूचे. जे भिन्न आहे, ते बहुधा शिष्याचे. निश्चितपणे इतकेच म्हणता येते. आपल्याकडेही एका उस्तादाचे दोन गंडाबंध शागीर्द एकसारखे गात नाहीत. वंशावळ हा पुरावा नसून, तो पुरावा कुठे शोधावा याचे दिशादर्शन आहे.

१४/
वयाचा मुद्दा आणखी ठळक दिसतो फ्रान्सिस प्लांते यांच्या बाबतीत. जन्म १८३९. म्हणजे शोपँ वारले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. १९२८ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी शोपँचे काही एत्यूद मुद्रित केले. लय बेताची, नाद भरीव, पट्टी न पट्टी स्वच्छ.

आजचे वादक हेच एत्यूद शर्यतीसारखे पळवतात. मग एकोणिसाव्या शतकात ते खरोखरच संथ वाजत होते, की ही नव्वदीला टेकलेल्या हातांची गती? एकट्या प्लांते यांच्या तबकडीवरून उत्तर देता येत नाही. त्यासाठी त्यांच्या समवयस्कांच्या तबकड्या हव्यात, आणि त्या पिढीतील फारच थोडे लोक मुद्रणयंत्रासमोर बसण्याइतके जगले. साधनांची अशी विषम वाटणी प्रत्येक कालखंडात असते. टिकलेले म्हणजे प्रातिनिधिक नव्हे.

१५/
छापील शब्द धुडकावणारे उदाहरणही पाहू. सेर्गेई राखमानिनॉव्ह यांनी १९३० मध्ये शोपँचा दुसरा सोनाटा मुद्रित केला. त्यातील प्रसिद्ध अंत्ययात्रेची धून मधल्या शांत भागानंतर परत येते. शोपँ यांनी ती पूर्वीसारखीच हळू सुरू होईल असे लिहिले. राखमानिनॉव्ह ती पूर्ण ताकदीने सुरू करतात आणि मग क्रमाक्रमाने विझवत नेतात. जणू यात्रा अगदी समोर येऊन दूर निघून जाते.

ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. त्यांचे आदर्श अंतोन रुबिनस्टाइन (१८२९–१८९४) असेच वाजवत. त्यांचे वादन आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, पण त्यांच्या एका निर्णयाची सावली १९३० च्या तबकडीवर पडली आहे. कधी कधी ध्वनिमुद्रण वाजवणाऱ्याहून आधीच्या माणसाची साक्ष देते.

१६/
दरम्यान तंत्र बदलले होते. १९२५ पासून मायक्रोफोनने विद्युत ध्वनिमुद्रण होऊ लागले. त्या आरंभीच्या तबकड्यांत आल्फ्रेद कॉर्तो यांनी वाजवलेला शोपँ आहे. कॉर्तो यांच्या मुद्रणांत चुकीचे स्वर सहज सापडतात. त्याचे कारण सोपे आहे: तबकडीची बाजू एका दमात वाजवावी लागे. शेवटच्या ओळीत बोट घसरले, तर चार मिनिटे पुन्हा पहिल्यापासून.

१९४० च्या दशकाअखेरीस चुंबकीय फीत आली आणि कात्रीही आली. चुकलेली जागा कापून दुसऱ्या खेपेतील तुकडा जोडता येऊ लागला. तेव्हापासून श्रोत्यांच्या कानांना निर्दोषपणाची सवय लागली. कॉर्तो 'ढिसाळ' वाटतात, कारण त्यांची तुलना आपण नकळत जोडकाम केलेल्या वादनाशी करतो.

१७/
आता पुन्हा मझुर्काकडे, हॅले यांच्या चार मात्रांकडे. क्राकोव्हजवळ १८८२ मध्ये जन्मलेल्या इग्नाझ फ्रीडमन यांनी १९३० च्या आसपास काही मझुर्का मुद्रित केल्या. त्या ऐकताना तीन मात्रा मोजून पाहा. पहिली चटकन सुटते, दुसरी किंवा तिसरी जमिनीवर टाच आपटल्यासारखी पडून रेंगाळते; प्रत्येक आवर्तनात हे प्रमाण बदलते. मोजणारा गोंधळतो, पण नाचणारा गोंधळणार नाही, कारण झोल एक आहे.

ऐंशी वर्षांपूर्वीचा तो वाद इथे उलगडतो. 'लय कडक होती' आणि 'तीनाचे चार होत होते' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. आवर्तन नियमित, आतील मात्रा विषम. फ्रीडमन शोपँसारखेच वाजवत होते, हे यातून सिद्ध होत नाही. मात्र हॅले आणि मिकुली यांच्यापैकी एकाला खोटे ठरवण्याची गरज नाही, एवढे सिद्ध होते. आणि हे कोणत्याही कागदाने सांगितले नसते.

१८/
एकच माणूसही स्वतःशी सहमत नसतो. आर्थर रुबिनस्टाइन (अंतोन यांच्याशी नाते नाही) यांनी मझुर्कांचा संच तीन वेळा मुद्रित केला: १९३८–३९, १९५२–५३ आणि १९६५–६६. पहिला संच चपळ, लहरी, धोका पत्करणारा. शेवटचा प्रशस्त, शांत, मोजूनमापून. मध्ये महायुद्ध, फीत, एलपी तबकडी आणि तीस वर्षे.

हे लक्षात ठेवा, कारण पुढील प्रकरणाची किल्ली इथेच आहे: तोच वादक, तीच रचना, तरी दोन वादने मात्रेगणिक कधीही एकसारखी नसतात.

१९/
२००४ मध्ये ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासाचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. 'चार्म' हे त्याचे संक्षिप्त नाव. तिथे निकोलस कुक आणि क्रेग सॅप यांनी मझुर्कांची शेकडो मुद्रणे जमवली. पद्धत कष्टाची होती. प्रत्येक मुद्रणातील प्रत्येक मात्रा नेमकी कोणत्या क्षणी पडते, हे टिपायचे. दोन मात्रांतील अंतरावरून लयीचा आलेख काढायचा. मग संगणकाने सर्व आलेख परस्परांशी ताडून पाहायचे.

यातून शैलीचा इतिहास दिसू लागला. वाक्याच्या मध्यापर्यंत वेग आणि जोर दोन्ही वाढवायचे आणि शेवटी दोन्ही उतरवायचे, ही आज 'स्वाभाविक' वाटणारी सवय दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, असे कुक यांनी मांडले. आपण ज्याला सनातन रसिकता समजतो, तिलाही जन्मसाल असते.

२०/
आणि मग ते आलेख एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचले.

जॉइस हॅटो (१९२८–२००६) या इंग्रज पियानोवादक. १९७० च्या दशकात त्यांनी मंच सोडला. त्यांना कर्करोग होता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्या नावाने शंभराहून अधिक सीडी निघाल्या. काढणारे त्यांचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप, ज्यांची स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी होती. शोपँ, लिझ्ट, राखमानिनॉव्ह, सारे काही, आणि सारे अप्रतिम. समीक्षकांनी 'दुर्लक्षित राहिलेली थोर कलावती' म्हणून गौरव केला. कथाही हृदयस्पर्शी होती: जगापासून दूर, आजाराशी झुंजत, एका स्त्रीने पियानोचे अवघे विश्व वाजवून ठेवले. काही चोखंदळ श्रोत्यांनी शंका घेतल्या, पण त्या फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत.

२१/
फेब्रुवारी २००७. एका श्रोत्याने हॅटो यांची लिझ्टच्या एत्यूदांची सीडी संगणकात घातली. संगणकाने सीडीतील भागांच्या लांबीवरून ती ओळखली आणि पडद्यावर नाव दाखवले ते दुसऱ्याच वादकाचे: लास्लो सिमोन. बात 'ग्रामोफोन' मासिकाच्या समीक्षकांपर्यंत गेली, ध्वनितज्ज्ञांनी दोन्ही मुद्रणे ताडून पाहिली आणि लहरी तंतोतंत जुळल्या. मग एकामागून एक सीडी उघडी पडू लागली. काहींचा वेग संगणकावर किंचित बदलला होता, जेणेकरून चोरी ओळखू येऊ नये. वाद्यवृंदाच्या साथीच्या सीडींवर रेने कोलर नावाच्या कंडक्टरचे नाव होते. असा कंडक्टर अस्तित्वातच नव्हता.

महिनाअखेरीपूर्वी बॅरिंग्टन-कूप यांनी कबुली दिली. त्यांचे म्हणणे असे की, पत्नीच्या वादनात वेदनेचे हुंकार उमटत, ते झाकण्यासाठी आधी छोटे तुकडे जोडले, मग मोठे. पत्नीला याची कल्पना नव्हती.

२२/
'चार्म'च्या आलेखांनी स्वतंत्रपणे हेच दाखवले होते. हॅटो यांच्या नावावरील मझुर्का आणि युजीन इंजिच यांनी १९८८ मध्ये काढलेल्या मझुर्का यांचे लयीचे आलेख जवळजवळ एकरूप होते. रुबिनस्टाइन यांची स्वतःची तीन वादने एकमेकांशी जेवढी जुळत नाहीत, त्याहून कितीतरी अधिक ही दोन 'वेगळ्या' व्यक्तींची वादने जुळत होती. हे मानवी हातांना शक्य नाही. एकच शक्यता उरते: वादन एक, नावे दोन.

बेलग्रेडमध्ये जन्मलेले आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेले इंजिच हे उत्तम वादक होते, पण घराघरांत पोहोचलेले नाव नव्हते. त्यांचेच वादन दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या कथेसह बाजारात आले, तेव्हा त्यावर स्तुतीचा वर्षाव झाला.

२३/
या प्रकरणाकडे केवळ लबाडीची गोष्ट म्हणून पाहिले, तर हाती फार थोडे लागते. कान बिघडलेले नव्हते; वादन खरोखरच चांगले होते. बिघडली होती ती साधनाची ओळख. मुद्रणाची तारीख, स्थळ, वाद्यवृंद, कंडक्टर हे तपशील कोणी तपासलेच नव्हते. वेष्टणावरील नाव वाचून ऐकणारा त्या नावाला साजेसे गुण ऐकतो. कर्करोगाची कथा माहीत असलेला त्या स्वरांत धैर्य ऐकतो.

प्यून्यो यांच्या संथ नॉक्टर्नमध्ये 'शोपँचा वारसा' ऐकणारे आपण तरी वेगळे काय करतो? तिथे लबाडी नाही, पण नावाचा आणि वंशावळीचा प्रभाव तसाच आहे. म्हणूनच एकटे ध्वनिमुद्रण फार कमी बोलते. दुसऱ्याशेजारी ठेवले, की दोघांचीही उलटतपासणी सुरू होते.

२४/
जुने मुद्रण ऐकताना विचारायचे पाच प्रश्न:

एक, हे नेमके काय आहे: दंडगोल, तबकडी, रोल की फीत? त्या साधनाला काय टिपता येत नव्हते?
दोन, आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रतीचा वेग कोणी आणि कशावरून ठरवला?
तीन, वाजवणाऱ्याचे तेव्हा वय किती होते, आणि तो ज्याचा वारसा सांगतो, त्याच्याकडे तो कोणत्या वयात शिकला?
चार, त्याच काळातील दुसरा कोणी ही रचना कशी वाजवतो?
पाच, वेष्टणावरील मजकूर झाकला, तरी माझे मत तेच राहील काय?

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड. मित्राला दोन मुद्रणे नाव न सांगता लावायला सांगा आणि मत लिहून ठेवा, मगच नाव विचारा.

२५/
आरंभासाठी एकच रचना सुचवतो: ई-फ्लॅट मेजर नॉक्टर्न, ओपस ९, क्रमांक २. आधी कोचाल्स्की, मग रोझेन्थाल, मग आजचा कोणताही वादक. साडेचार-पाच मिनिटांची रचना आहे. एका संध्याकाळी तिन्ही होतील. कोचाल्स्की जिथे छापील प्रत सोडतात, ती जागा सापडली तर उत्तरात लिहा.

आणि एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या तबकड्या माळ्यावर पडून असतील. नाट्यसंगीताच्या असोत वा ख्यालाच्या. त्या काढाल तेव्हा केवळ लेबलवरील नाव टिपून थांबू नका. लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला बारीक क्रमांक असतो, तोही उतरवून घ्या. लेबल नंतर बदलता येते; तो क्रमांक मूळ मुद्रणासोबत जन्मतो, आणि ती तबकडी कोणाची व केव्हाची, हे ठरवताना अभ्यासक आधी तोच विचारतात.

धागा समाप्त.